पीण्यामागचे डोंगर आणि गाड्या नसलेले रस्ते

पीण्यात राहणाऱ्या माणसाला 'सायकल चालवायला कुठे जाता?' असं विचारलं तर तो आधी तुमच्याकडे नीट बघेल. तुमकूर रोडवर चोवीस तास कंटेनर. डोक्यावर उड्डाणमार्ग, त्याच्या बाजूने मेट्रो. आत दुसऱ्या टप्प्यात, तिसऱ्या टप्प्यात शिरलात तर पत्र्याच्या शेडमागे शेड, दारात उभे टेम्पो, पाण्याचे टँकर, आणि शिफ्ट सुटली की रस्ताभर माणसं. इथे सायकल दिसते ती कामगारांची, कॅरियरला डबा बांधलेली. मौज म्हणून सायकल चालवणारा माणूस या रस्त्यांवर मी तरी पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी याच गल्लीत एक टँकर माझ्या लेकीच्या हँडलला घासून गेला. ती पडली, गुडघा फुटला, एवढंच. पण त्या दिवसापासून सायकल गॅलरीत उभी राहिली ती राहिलीच. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिच्या आईने सांगून टाकलं, 'अहो, या गावात पोरीला सायकल नको.' मलाही तेच पटलं होतं. लेक मात्र मधूनमधून सायकलीच्या चाकात हवा भरायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. ते बघवत नव्हतं.

मग मागच्या हिवाळ्यात आम्ही रस्ते शोधायला लागलो. अट एकच: गाड्या नकोत. आणि सापडले ते रस्ते पीण्यापासून तासाभरावर होते. इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हते, कारण आपण तुमकूर रोडवरून जातो ते थेट कोल्हापूरला, आणि झोपेत.

वर न चढणारे डोंगर

आम्ही मूळचे कागलचे. आमच्याकडे डोंगर म्हणजे ज्योतिबा, पन्हाळा. सायकल घेऊन निघालात की घाट लागणारच, आणि घाटात छाती फुटणारच. इथले डोंगर वेगळे आहेत. बंगळूरच्या पश्चिमेला आणि वायव्येला सपाट रानातून एकदम एकेक उघडा, गुळगुळीत दगडी घुमट वर आलेला दिसतो. शिवगंगे, सावनदुर्ग, रामनगरचे कडे, सगळे एकाच दगडाचे. भूगर्भशास्त्रात या पट्ट्याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. रामनगरचं इंग्रजांच्या काळातलं नाव क्लोजपेट होतं, म्हैसूरचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्यावरून पडलेलं. दगडाचं वय सुमारे 250 कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे इथल्या दगडापुढे आपला सह्याद्री पाळण्यातला.

सायकलवाल्याला याचा फायदा असा, की रस्ता डोंगरावर चढत नाही, त्याला वळसा घालून जातो. डोंगर दिवसभर सोबत असतो, कधी डाव्या हाताला, कधी उजव्या, पण पायाला फक्त हलके चढ-उतार लागतात. बंगळूर मुळातच नऊशे मीटरच्या वर वसलेलं आहे, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळची हवा थंडगार असते. लहान मुलं, साठीचे आजोबा, गिअर नसलेली सायकल, काहीही चालतं.

दुसरी गोष्ट तळी. दगड पाणी धरत नाही म्हणून इथे गावोगावी तळं बांधलेलं, त्याला 'केरे' म्हणतात. वरचं भरलं की सांडवा खालच्या तळ्यात. अशी माळ मैलोन् मैल चालते. गावातला रस्ता पुष्कळदा या तळ्याच्या बांधावरून जातो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली सुपारी-नारळाच्या बागा. बांधावर चढ नाही, उतार नाही. लेकीने दोन वर्षांनी पहिल्यांदा दोन्ही हात सोडले ते अशाच एका बांधावर. मी ओरडणार होतो, पण मागे-पुढे कुत्रंसुद्धा नव्हतं. मग गप्प बसलो.

शिवगंगेपासून सुरुवात

आता रस्ता सांगतो. पीण्याहून सायकलवर निघू नका. तुमकूर रोडचे ते पस्तीस-चाळीस किलोमीटर मुलांचे नाहीत, मोठ्यांचेही नाहीत. सायकली गाडीच्या मागच्या कॅरियरवर बांधा. आम्ही तर ओळखीचा छोटा टेम्पो घेतो, त्यात चार सायकली आणि शेजारची दोन पोरं मावतात. पहाटे पाचला निघालो की डाबसपेटला उजाडतं. तिथून डावीकडे सात-आठ किलोमीटरवर शिवगंगे. टेम्पो डोंगराच्या पायथ्याशी सोडायचा आणि मग दक्षिणेला, मागडीकडे निघायचं.

शिवगंगेचा डोंगर समुद्रसपाटीपासून 1368 मीटर. लोक म्हणतात, तो पूर्वेकडून नंदीसारखा दिसतो, पश्चिमेकडून गणपतीसारखा, दक्षिणेकडून लिंगासारखा आणि उत्तरेकडून फणा काढलेल्या नागासारखा. सायकलवर हे ताडून बघता येतं, कारण आपण त्याला वळसा घालतो. लिंग सहज दिसतं. गणपतीसाठी थोडी श्रद्धा लागते.

वर गंगाधरेश्वराचं गुहेतलं देऊळ आहे. अभिषेकाला दिलेल्या तुपाचं पिंडीवर घासून लोणी होतं, ते प्रसाद म्हणून मिळतं. आणखी वर 'ओळकल तीर्थ', म्हणजे उखळातलं तीर्थ. दगडात उखळासारखं खोल भोक, त्यात हात घालायचा. पाणी हाताला लागलं तर माणूस पुण्यवान, असा समज. शेजारच्या पोराच्या हाताला लागलं, माझ्या हाताला नाही. यावरून घरी बरीच चर्चा झाली. टोकाच्या एका कड्याशी होयसळ राणी शांतलेची कथा जोडलेली आहे, तिने इथून उडी घेतली असं सांगतात. शेवटच्या टप्प्यात पायऱ्या नुसत्या दगडात कोरलेल्या आणि लोखंडी कठड्याला धरून चढायच्या. माकडं भरपूर. हातात पिशवी धरू नका, चष्मा सांभाळा. खरं सांगायचं तर सायकल आणि डोंगर एका दिवशी दोन्ही करू नयेत. आम्ही केलं आणि संध्याकाळी कुणाला जिना चढवेना.

महामार्गाच्या पलीकडे, उत्तरेकडच्या बाजूला निजगलचा डोंगर आहे. तिथल्या किल्ल्याला 1770 मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी वेढा घातला होता. किल्ला लवकर पडेना. शेवटी चित्रदुर्गच्या मदकरी नायकाच्या माणसांनी तो सर केला. तुमकूर रोडने जाताना आपण त्याच्या पायथ्यावरून ऐंशीच्या वेगाने निघून जातो.

नाचणीवरून सायकल

शिवगंगेहून मागडीपर्यंत तीसेक किलोमीटर. मध्ये फक्त एक मोठा रस्ता आडवा येतो, नेलमंगलहून कुणिगलमार्गे मंगळूरला जाणारा महामार्ग. तिथे सगळ्यांनी उतरायचं, सायकली हातात धरायच्या, मोठ्याने मध्ये उभं राहायचं आणि मुलांना पलीकडे न्यायचं. आमचा नियम आहे, यात घाई करणाऱ्याला पुढच्या रविवारी घरी ठेवायचं. बाकी सगळा रस्ता गावातला. तासाला चार-दोन मोटारसायकली, दुधाचे कॅन नेणारा एखादा टेम्पो, शाळेची बस असली तर.

इथे मला जे आवडलं ते डिसेंबर-जानेवारीत बघायला मिळतं. नाचणीची, हुलग्याची कापणी झाली की लोक पीक सरळ डांबरी रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून गेल्या की मळणी आपोआप. मोठ्या रस्त्यांवर हे धोक्याचं आहे, दुचाकी घसरतात, आणि त्याला बंदीही असते. पण या रस्त्यावर अडचण उलटी होती. गाड्याच नाहीत, मग मळणी होणार कशी?

एका गावाबाहेर एक अज्जी काठी घेऊन बसलेल्या. समोर पन्नासेक फूट नाचणी पसरलेली. आम्ही थांबलो, सायकली उचलून कडेने नेऊ लागलो, तशा त्या रागावल्याच. हाताने खूण केली, वरून जा! लेक पुढे झाली. नाचणीच्या जाड थरावरून सायकल चालवणं म्हणजे गादीवरून चालवण्यासारखं, हँडल जागेवर राहत नाही. ती पलीकडे पोचली तशी अज्जी म्हणाल्या, 'इन्नोंदु सल', म्हणजे आणखी एकदा. मग शेजारची पोरं सुटली. अर्धा तास सगळे मागे-पुढे, मागे-पुढे. सायकलच्या वजनाने किती दाणे सुटले असतील ते अज्जीच जाणोत, पण त्यांनी काही आम्हाला थांबवलं नाही. शेवटी लेकीच्या चेनमध्ये काड असं अडकलं, की पाना काढून चाक मोकळं करावं लागलं. अज्जींनी तेवढ्यात घरातून ताक आणलं. मीठ, मिरची, कोथिंबीर घातलेलं. पैसे विचारले तर पुन्हा काठी उगारली.

कन्नड बोलता येत नाही म्हणून कुणी अडून बसू नका. 'नीरु' म्हणजे पाणी, 'दारी' म्हणजे वाट, 'सैकल' म्हणजे सायकल. एवढ्यावर आमचा दिवस गेला.

मागडी आणि आपले शहाजीराजे

मागडीत पोचेपर्यंत दहा-साडेदहा होतात. इडली-चटणी खाऊन सावलीत बसायचं आणि मुलांना एक गोष्ट सांगायची, ती मराठी घरात सांगण्यासारखी आहे.

बंगळूर वसवलं केंपेगौडांनी, सोळाव्या शतकात. त्यांच्या वंशजांकडून ते 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने, सेनापती रणदुल्ला खानाने घेतलं. त्या फौजेत शहाजीराजे भोसले होते, आणि बंगळूर त्यांना जहागीर म्हणून मिळालं. त्या वेळचे गौडा गाव सोडून इथे, मागडीला आले आणि इथून राज्य करू लागले. म्हणजे मागडीला थाटाने वसवलं, त्यामागे एक कारण आपणही. पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले, बंगळूर 1687 मध्ये मोगलांनी घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजांनी तीन लाख रुपयांना विकत घेतलं. मागडीही 1728 मध्ये म्हैसूरकडे गेली.

लेकीने विचारलं, 'म्हणजे आपण त्यांना घालवलं, आणि आता त्यांच्याच गावात इडली खातोय?' मी म्हटलं, होय, आणि दुसरी प्लेट मागव.

मागडीहून सावनदुर्ग बारा-तेरा किलोमीटर. शेवटचे काही किलोमीटर जंगलातून, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि वळणावळणाला समोर तो प्रचंड दगड. उंची 1226 मीटर. याची दोन शिखरं, करीगुड्डा म्हणजे काळा डोंगर आणि बिळीगुड्डा म्हणजे पांढरा डोंगर. टिपूच्या काळात हा किल्ला अजिंक्य मानत. डिसेंबर 1791 मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो घेतला. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने मोहिमेवर होत्या. पायथ्याशी नरसिंहाचं आणि वीरभद्राचं देऊळ आहे. रविवारी दुपारनंतर इथे शहरातून मोटारी येतात, म्हणून बारापर्यंत पोचून टेम्पोत बसलेलं बरं. सगळं मिळून सायकल पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. तेरा वर्षांच्या मुलीला जमलं. मला जमलं म्हणायचं की नाही, हे दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी खुर्चीवर कसा बसलो होतो त्यावरून ठरवावं लागेल.

पाणी कुठून कुठे

या रस्त्यावर एक गोष्ट कळली, ती मी घरी परत घेऊन आलो.

शिवगंगेच्या डोंगरातून कुमुद्वती नदी निघते. नदी म्हणजे आज बराच काळ कोरडा ओढा. नंदी डोंगरातून अर्कावती निघते. या दोघी जिथे मिळतात, तिथे तिप्पगोंडनहळ्ळीला 1933 मध्ये धरण पूर्ण झालं आणि बंगळूर अनेक वर्षं ते पाणी प्यालं. पुढे नद्या आटल्या, आलं ते पाणीही घाण झालं. पाणलोटात वाटेल तशी बांधकामं होऊ नयेत म्हणून सरकारने 2003 मध्ये निर्बंध घातले, ते 2019 मध्ये सैल केले. कुमुद्वतीच्या खोऱ्यात 2013 पासून गावकऱ्यांना घेऊन पुनर्भरणाच्या विहिरी, बंधारे असं काम झालं आहे. रस्त्याकडेला दगड-गोट्यांनी भरलेले खड्डे दिसले तर ते कचऱ्याचे समजू नका.

मी पीण्यात प्लेटिंगच्या शॉपमध्ये काम करतो. लोखंडी जॉबवर निकेल, क्रोम चढवणं हा आमचा धंदा. एका पुलावर आम्ही थांबलो होतो. खाली कुमुद्वतीत वाळू, थोडं डबकं, त्यात एक बगळा. लेकीने विचारलं, 'बाबा, हे पाणी धरणात जातं. मग आपल्या शॉपचं पाणी कुठे जातं?'

मी तिला खरं तेच सांगितलं. आमच्याकडे ईटीपी आहे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा. पाणी त्यातून जातं, गाळ वेगळा निघतो, त्याची वही मी स्वतः भरतो. पण पीण्यात हजारो छोटी युनिटं आहेत. तिथल्या भूजलात क्रोमियम सापडलेलं आहे, आणि आम्ही बोअरचं पाणी पीत नाही हे तिला ठाऊकच आहे. गल्लीतला नाला काही दिवस हिरवट वाहतो, काही दिवस तपकिरी, आणि तो रंग कुणाच्या टाकीतून आला हे सांगता येत नाही. नाला पुढे वृषभावतीला मिळतो. वृषभावती केंगेरीवरून, बिडदीजवळच्या भैरमंगल तळ्यातून, फेस घेऊन जाते आणि खाली अर्कावतीलाच मिळते.

'म्हणजे शेवटी हेच पाणी आणि ते पाणी एकत्र?'

'हो. धरणाच्या खाली.'

ती पुढे काही बोलली नाही. पायडल मारत पुढे गेली. पण सोमवारी मी वही भरत होतो तेव्हा तो बगळा आठवला. सहाचा आकडा दोनदा तपासला. आमच्या मालकांना मी म्हटलं, गाळाची टाकी यावेळी आठवडाभर आधी उपसून घेऊ. त्यांनी विचारलं, तपासणी येणार आहे का? मी म्हटलं, नाही.

जाणार असाल तर

लवकर जा, आणि हे मी दोन्ही अर्थांनी म्हणतोय. बंगळूरभोवती उपनगरांना जोडणारा सुमारे 280 किलोमीटरचा मोठा वर्तुळाकार महामार्ग होतो आहे. डाबसपेटपासून दोड्डबळ्ळापूर, होसकोटेकडचा भाग 2024 मध्ये सुरू झाला. दुसऱ्या बाजूने तो मागडी, रामनगरवरून जातो, म्हणजे आमच्या याच रानातून. माती सरकवणारी यंत्रं आम्हाला दोन ठिकाणी दिसली. तळ्याकाठच्या शेतांत आखणीचे पांढरे दगड आणि प्लॉटच्या जाहिराती तर जागोजागी आहेत. पीण्यातल्या आम्हा लोकांना त्या महामार्गाचा उपयोगच आहे, शहरातून जाणारे कंटेनर बाहेरून जातील. त्यामुळे तो नको असं मला म्हणता येत नाही. तेव्हा हे रस्ते कसे राहतील तेही सांगता येत नाही.

पाणी प्रत्येकी दोन लिटर घ्या, मध्ये दुकानं कमी आहेत. पंक्चरचा डबा, पंप आणि एक पाना हवाच. बाभळीचे काटे फार, आणि गावातलं पंक्चरचं दुकान रविवारी बंद असू शकतं. हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनाही. कुत्री अंगावर आली तर पळवू नका, उतरून चालत जा, ती कंटाळतात. तळ्यात मुलांना उतरू देऊ नका. बांध वरून साधे दिसतात, पण आत खोली एकदम लागते आणि गाळ पाय धरतो. मागडीच्या पुढे फोनला रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

अगदी लहान मुलं असतील तर शिवगंगे-मागडीऐवजी हेसरघट्टा बरं. पीण्याच्या उत्तरेला, अर्कावतीवर बंगळूरसाठी 1890च्या दशकात केलेलं तळं आणि भोवती उघडं गवताळ रान. डोंगर नाही, पण सपाट रस्ता, आणि थंडीत पक्षी इतके, की सायकल बाजूलाच राहते.

लेकीची आई अजून आलेली नाही. ती म्हणते, आधी तुम्ही दोघं तो महामार्ग कसा ओलांडता ते मला बघू दे. म्हणून येत्या रविवारी ती टेम्पोत बसून मागून येणार आहे. तिच्यासाठी शेजारच्यांची सायकल मागून ठेवली आहे, सीट खाली करून. ते तिला अजून सांगितलेलं नाही.